विश्लेषण : प्रो कबड्डीचा करार की पदवी? यवतमाळच्या कॉलेज खेळाडूसमोरचा पेच नेमका काय?

समजा, दारव्हा तालुक्यातला एक मुलगा आहे. वय २०. यवतमाळच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. हिवाळ्यात गावोगावी होणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांत त्याच्या चढाया पाहायला लोक मैदानाच्या रेषेपर्यंत सरकतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तिथे कुणा प्रशिक्षकाची नजर पडली आणि एके दिवशी फोन आला : प्रो कबड्डीच्या एका संघाच्या शिबिराला ये, जमले तर करार करू. शिबिर सुरू होणार त्याच सुमारास इकडे सेमिस्टर सुरू होणार. लीगचे सामने चालू असताना अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षा येणार. घरात वडील म्हणतात पदवी पूर्ण कर, मित्र म्हणतात असा फोन दुसऱ्यांदा येत नाही.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण पेच खरा आहे. कबड्डी, खो-खो अशा खेळांत व्यावसायिक लीग आल्यापासून महाराष्ट्रातल्या कॉलेज खेळाडूंपुढे तो उभा राहू लागला आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलपटूंपुढे तो दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात येतो. तिथे काय होते आणि आपल्याकडे काय वेगळे आहे, ते पाहू.

अमेरिकेत मुले कॉलेज का सोडतात, आणि आता का थांबतात?

एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून घेतले जातात. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतो. ड्राफ्टसाठी वय त्या वर्षात किमान १९ हवे आणि अमेरिकी खेळाडूची शाळा संपून एक वर्ष झालेले हवे. त्यामुळे वर्षभर कॉलेज खेळायचे आणि ड्राफ्टला नाव द्यायचे, हा तिथला जुना रस्ता. यातली सोय अशी की नाव दिल्यानंतर चाचणी शिबिरात आपली किंमत आजमावता येते आणि ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेऊन पुन्हा कॉलेजात जाता येते. म्हणजे परतीचे तिकीट खिशात ठेवूनच प्रवास.

२०२१ मध्ये चार वर्षे पूर्ण होण्याआधी ड्राफ्टला नाव देणाऱ्यांची सुरुवातीची यादी साडेतीनशेच्या वर होती. २०२५ मध्ये ती १०६ वर आली. चार वर्षांत असे काय बदलले? पैसा कॉलेजात आला. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती आणि प्रायोजकत्व घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. दुसऱ्या फेरीत उचलले जाण्याची धाकधूक सोसण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात काढणे अनेकांना फायद्याचे ठरू लागले. शिक्षणाचे प्रेम अचानक वाढले, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

या ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला भारतीय म्हणजे पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले. तो कॉलेजला न जाता थेट अकादमीतून ड्राफ्टला गेला होता. एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. निवड होणे आणि खेळायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कबड्डीतही हा फरक तितकाच मोठा आहे.

प्रो कबड्डीत कॉलेजचा मुलगा पोहोचतो कसा?

टीव्हीवर दिसतो तो लिलाव. २०२५ च्या लिलावात इराणचा मोहम्मदरेझा शादलू २ कोटी २३ लाखांना गेला, दहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा ओलांडला, आणि व्हॉट्सॲपवर फिरले ते हेच आकडे. पण त्याच लिलावात सगळ्यात खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख होती. त्यावरच्या गटांची १३, २० आणि ३० लाख. मूळ किंमत म्हणजे बोली जिथून सुरू होते ती. बोली लागलीच नाही, तर हातात शून्य.

थोडे गणित करू (इंजिनीअरिंगची सवय, जात नाही). लीगमध्ये १२ संघ आहेत. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू धरले तरी जागा होतात ३००. त्यातले बरेच आधीच्या हंगामातून कायम ठेवलेले. २०२५ च्या लिलावात प्रत्यक्ष विकले गेले सुमारे १२० जण. लिलावाच्या यादीत नावे मात्र पाचशेच्या घरात असतात. म्हणजे यादीत नाव आले म्हणून गावात फटाके वाजवणे जरा घाईचेच.

नवख्या मुलासाठी मुख्य दार दुसरेच आहे. लीगमध्ये ‘न्यू यंग प्लेअर’ नावाची वर्गवारी आहे. संघ अशा तरुणांना आपल्या शिबिरात घडवतात आणि ठरावीक अटींवर पुढच्या हंगामांसाठी कायम ठेवू शकतात. पुणेरी पलटणचा अस्लम इनामदार याच वाटेने आला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा मुलगा पुढे त्याच संघाचा कर्णधार झाला. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्याआधी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघातही तो होता.

यवतमाळच्या वाचकाने लक्षात ठेवावे असे आणखी एक दार आहे. २०२२ च्या लिलावासाठी खेळाडूंच्या यादीत ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडू घेतले होते. कॉलेज सोडून लीगकडे धावण्याऐवजी कॉलेजच्याच जर्सीत लीगपर्यंत जाता येते, याचा हा सरळ पुरावा. मात्र विद्यापीठ स्पर्धांसाठी पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावे लागते. नाव काढले की हे दार बंद.

यवतमाळमधून अडचण कुठे येते?

पहिली अडचण दिसण्याची. महासंघाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. म्हणजे वणी, पुसद, उमरखेडचा मुलगा ‘महाराष्ट्र’ नव्हे, ‘विदर्भ’ लिहिलेल्या जर्सीत खेळतो. यात फायदा असा की स्पर्धेतली गर्दी कमी, राष्ट्रीय पातळी गाठणे तुलनेने सोपे. तोटा असा की संघ एक-दोन सामन्यांत बाहेर पडला की निवड करणाऱ्यांनी त्या मुलाला पाहिलेले असते जेमतेम तासभर.

दुसरी अडचण जमिनीची. लीग मॅटवर खेळली जाते, आपल्याकडचे वजनगटाचे आणि खुले सामने बहुतेक मातीवर. मॅटवर बूट, वेगळी पकड, गुडघ्यावर वेगळा भार. मातीतला राजा मॅटवर पहिल्या महिन्यात घसरताना दिसतो, तो काही त्याच्यातला खेळ कमी झाला म्हणून नव्हे. वर्षभर मॅटवर सराव हवा तर मुलाला पुण्या-मुंबईकडे किंवा उत्तरेतल्या अकादमीत जावे लागते. यवतमाळहून पुणे म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, आणि मोठ्या मार्गावरची रेल्वे पकडायची तर आधी धामणगाव गाठा. ‘कॉलेज करत करत सराव कर’ हा सल्ला पुण्यातल्या मुलाला देणे सोपे आहे.

जवळचा एक आधार मात्र मोठा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ साधारण ९० किलोमीटरवर. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिके जगाला दाखवली होती. तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी आणि मैदान एकाच आवारात मिळते. खेळ आणि शिक्षण यांतली निवड टाळायची असेल तर यवतमाळच्या मुलासाठी ही सर्वांत जवळची वाट आहे, असे माझे मत.

यवतमाळमधून भारतीय संघापर्यंत जाता येते, हे हॉकीत आकाश चिकटेने दाखवले आहे. २०१६ ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २०१७ चा आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत तो गोलरक्षक होता.

करारानंतर किती वर्षे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई पाहा. भौतिकशास्त्राचा पदवीधर. २०१८ मध्ये यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईत २१८ गुण मिळवले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मग खांद्याची दुखापत आली आणि हंगामाचा मोठा भाग हातातून गेला. २०२३ मध्ये त्याला पुन्हा एक कोटी मिळाले, पण त्यानंतरच्या लिलावात आकडा कोटीच्या बराच खाली होता. हा यशस्वी खेळाडूचा आलेख आहे. जो दोन हंगाम राखीव बाकावर बसला आणि तिसऱ्या वर्षी ज्याला बोलीच लागली नाही, त्याचा आलेख वर्तमानपत्रात छापून येत नाही.

लीग स्वतः टिकेल का, हाही प्रश्न असतो. प्रो कबड्डी २०१४ पासून सुरू आहे, पण खो-खोचा अनुभव वेगळा. ‘अल्टिमेट खो खो’ने २०२२ मध्ये खरोखरचा ड्राफ्ट घेतला. २४० खेळाडूंचे चार गट, मानधन ५ लाख, ३ लाख, दीड लाख आणि १ लाख. पुण्यात पहिला हंगाम झाला, कटकमध्ये दुसरा, तो जानेवारी २०२४ मध्ये संपला. त्यानंतर ते अख्खे वर्ष संपले तरी तिसरा हंगाम झाला नाही. या भरवशावर ज्याने टी.वाय. सोडले असेल त्याच्या घरी त्या वर्षी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करता येते.

पैशाचेही थोडे. लीगचा मोबदला हा पगार नसून व्यावसायिक शुल्क असते. त्यातून १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. करपात्र उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. हे मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

पदवीचा उपयोग तरी काय?

खेळाडूच्या बाबतीत याचे उत्तर अगदी ठोस आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्या पदाची शैक्षणिक अट खेळाडूलाही पूर्ण करावी लागते. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात तर पायऱ्याच ठरलेल्या आहेत : दहावीवर लेव्हल १, बारावीवर लेव्हल २-३ आणि पदवी असेल तरच लेव्हल ४-५. मैदानावरचे यश सारखेच असले तरी पदवीच्या कागदाने तीस वर्षांचा पगार बदलतो. कबड्डीपटूंची मागची पिढी रेल्वे, पोलीस, बँका आणि कंपन्यांच्या संघांच्या जोरावरच उभी राहिली.

आणि मुलींचे काय? त्यांच्यापुढे हा पेच अजून आलेलाच नाही. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये तीन संघांचे ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ घेतले आणि ते तेवढ्यावरच थांबले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, पण अल्टिमेट खो खोचे दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. यवतमाळच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलीकडे विद्यापीठ, राष्ट्रीय स्पर्धा आणि नोकरी एवढाच रस्ता आहे. सोडायला तिच्याकडे करारच नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी रचना आहे. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडायचे तर ठरलेल्या क्रेडिट्ससोबत ४ क्रेडिट्सचा कौशल्य अभ्यासक्रमही करावा लागतो. मिळवलेली क्रेडिट्स ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. आपल्या दारव्ह्याच्या मुलाने दुसरे वर्ष नीट संपवून, विषय मागे न ठेवता, अर्ज देऊन विराम घेतला तर दोन हंगाम खेळून तो परत येऊ शकतो. नुसते वर्गात जाणे बंद केले, तर हजेरी नाही, परीक्षा नाही, मागे राहिलेले विषय मात्र जमा. माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमध्येही मधूनच गायब झालेली मुले होती. परत आलेल्यांना बुडालेल्या वर्षापेक्षा मागे राहिलेल्या विषयांनी जास्त छळले.

दुसरा पर्याय २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी २०२२ पासून सुरू असलेल्या युवा कबड्डी सिरीजसारख्या स्पर्धांचा. अमेरिकेतला मुलगा ड्राफ्टच्या शिबिरात जे आजमावतो, ते इथे काही प्रमाणात आजमावता येते. ‘खेलो इंडिया’च्या योजनेत निवड झाली तर महिन्याला १० हजार रुपये हातखर्च मिळतो. डॉलरच्या हिशेबात हे काहीच नाही. दारव्ह्याहून येऊन यवतमाळात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या हिशेबात खोलीभाडे, मेस आणि दूध-अंडी त्यात निघतात.

करार आलाच, तर सही करण्याआधी तो घरी आणून वाचावा. कालावधी किती, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, सामना खेळायला मिळाला नाही तरी रक्कम पूर्ण मिळणार का, आणि मध्यस्थ असेल तर त्याचा वाटा किती, हे लेखी हवे. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना सोबत घ्यावे. परीक्षेच्या तारखांवरून विद्यापीठाशी बोलायचे असेल तर पत्र त्यांच्या सहीनेच जाते, आणि ते पत्र शिबिराला निघण्याआधी गेलेले बरे.