दुरेघी वही आणि ‘ते’ हा शब्द : कुर्ल्यातील प्राथमिक भाषासरावाचा मागोवा

मराठी प्राथमिक शाळेत भाषेचा रोजचा सराव म्हणून जे करून घेतले जाते, त्याची साधने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बदलली, पाठ्यपुस्तके बदलली, मूल्यमापनाची नावेही बदलली. परंतु वर्गात बसलेल्या मुलाच्या कानात मराठी आधीपासूनच आहे आणि शाळेने तिला फक्त वळण लावायचे आहे, हे त्या सरावामागचे गृहीतक फारसे कोणी तपासून पाहिले नाही. हे गृहीतक कुठे टिकले आणि कुठे गळून पडले, हे पाहण्यासाठी कुर्ल्यासारखी जागा सोयीची आहे. १९५० साली उपनगरांचा मोठा भाग बृहन्मुंबईत आला, त्यात कुर्ला होते. चुनाभट्टीच्या अंगाला स्वदेशी मिल, लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना, कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार, गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कसाईवाडा-कुरेशीनगरातली उर्दू आणि पुढे जरीमरी-साकीनाक्याच्या बाजूला वाढत गेलेली हिंदी अशी इथली भाषिक घडण आहे. मुंबई महापालिका आपल्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू अशा आठ माध्यमांतून चालवते, आणि कुर्ल्यात दोन-तीन माध्यमांची मुले एकाच गल्लीतून शाळेला निघताना दिसतात.

रोजच्या सरावाचा सर्वांत जुना थर हाताचा आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवली जात, तीच धुळाक्षरे; पुढे दगडी पाटी आली आणि तिच्यानंतर बोरू, टाक व कित्ता आले. कित्ता म्हणजे समोर ठेवून हुबेहूब उतरवून काढायचा अक्षरांचा नमुना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळबोधीबरोबर मोडीही शिकवली जात असल्याने हाताला दोन वळणे लावावी लागत. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी स्थिरावू लागली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून मराठी वाक्यात स्वल्पविराम-अर्धविरामांची शिस्त आणली. तेव्हापासून हाताच्या सरावात नियमाचा सराव मिसळत गेला. शुद्धलेखन या एकाच शब्दाने शाळेत दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, याचे मूळ या मिसळणीत आहे : ‘रोज एक पान शुद्धलेखन’ असे गुरुजी सांगत तेव्हा त्यांच्या मनात वळणदार अक्षर असे, आणि ‘शुद्धलेखनाचे गुण कापले’ असे म्हणत तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ असे. मुलाला मात्र दोन्हींची शिक्षा एकाच लाल शाईत मिळे.

१९६२ हे वर्ष या मागोव्याचा खरा आरंभ मानता येते. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम राज्य शासनाने त्या वर्षी मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी शाळकरी मुलावरचे एक मोठे ओझे उतरवले. पूर्वी ‘नाहीं’, ‘केलें’, ‘मी जातों’, ‘तें घर’ असे अनुस्वार द्यावे लागत; त्यांना व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार म्हणत, म्हणजे शब्दाच्या जुन्या रूपात नासिक्य उच्चार होता म्हणून त्याची खूण शिल्लक ठेवणारे अनुस्वार. बोलताना ते ऐकू येत नव्हते, त्यामुळे ते पाठच करावे लागत. ते गेले, शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ लिहावे असे ठरून ‘कवि’चे ‘कवी’ झाले, आणि श्रुतलेखनातल्या, म्हणजे ऐकून लिहिण्याच्या सरावातल्या, चुका एकदम घटाव्यात अशी सोय झाली.

या सोयीची एक किंमत होती, आणि ती त्या वेळी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. जुन्या लेखनात ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन अशी कागदावर डोळ्यांना दिसणारी फारकत होती. नव्या लेखनात ‘ते घर’ आणि ‘ते शिक्षक’ यांतला ‘ते’ एकच झाला. ज्या मुलाच्या घरी ‘ते घर’, ‘तो वाडा’, ‘ती खोली’ असे दिवसभर कानावर पडते, त्याला या खुणेची गरज नव्हती. मात्र ज्याच्या घरी हिंदी किंवा उर्दू बोलली जाते, त्याच्या भाषेत लिंगे दोनच असतात, नपुंसकलिंग हा कप्पाच नसतो आणि घर, पाणी, दही हे सारे पुल्लिंगी असते. अशा मुलाला तिसऱ्या लिंगाची ओळख पटवणारी जी एक लेखी खूण होती, ती नेमकी गेली. हा दोष नियम करणाऱ्यांचा म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोरचे मूल मराठी घरातलेच होते.

त्याच काळात सरावाची छापील चौकट तयार झाली. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली बालभारती, पुण्यात स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी तिची पुस्तके वर्गात येऊ लागली. प्रत्येक पाठाखालचा स्वाध्याय ही या पुस्तकांनी पक्की केलेली सवय : एका वाक्यात उत्तरे लिहा, गाळलेल्या जागा भरा, विरुद्धार्थी शब्द लिहा, वचन बदला, लिंग बदला, वाक्यात उपयोग करा. सकाळच्या परिपाठात फळ्यावरचा सुविचार, मग पाहून लेखन म्हणजे अनुलेखन, आठवड्यातून एखाद्या दिवशी श्रुतलेखन आणि वरच्या इयत्तांत विभक्तीचा तक्ता असा दिवसांचा क्रम बसला. स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे या चालीवर तक्ता पाठ होई, आणि द्वितीया व चतुर्थी या दोन विभक्तींचे प्रत्यय अक्षरशः सारखेच असताना त्या दोन का मानायच्या, असे विचारणाऱ्या मुलाला संस्कृत व्याकरणाच्या वारशाची गोष्ट सांगण्याइतका वेळ तासिकेत नसे. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ शिक्षकांच्या टेबलावर याच गरजेपोटी आले. कुर्ल्याला लागून असलेल्या शीव येथील एसआयईएस महाविद्यालयात दीर्घकाळ मराठी शिकवणाऱ्या, ज्यू कुटुंबात जन्मलेल्या यास्मिन शेख यांच्या ‘मराठी शब्दलेखनकोशा’ने पुढे अनेकांची अडलेली लेखणी सोडवली.

शाळेबाहेरचा सराव शिष्यवृत्ती परीक्षेने घडवला. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीत होती, २०१६-१७मध्ये ती पाचवी आणि आठवीत हलवली गेली. मार्गदर्शक पुस्तके तिच्यासाठी याद्या पुरवत आणि त्या याद्यांतले जग बहुतांशी खेड्यातले होते. गवताचा भारा, गुरांचा कळप, केळ्यांचा घड, पिकत घातलेल्या आंब्यांची अढी हे समूहदर्शक शब्द कुर्ल्याच्या चाळीतले मूल मे महिन्यात गावी जात असेल तर ओळखे, नाही तर नुसते घोके. ‘उतारूंची झुंबड’ हा त्याच यादीतला शब्द मात्र कुर्ला स्थानकाच्या पुलावरून रोज जाणाऱ्या मुलाला कोणी समजावून द्यावा लागला नसेल.

१९८२च्या गिरणी संपानंतरच्या दोन दशकांत परिस्थितीचा पाया हलला. गिरण्या आणि कारखाने बंद पडले, मराठी कामगारांची कुटुंबे कल्याण-बदलापूरकडे किंवा गावी सरकली, जी राहिली त्यांतल्या अनेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, आणि मराठी माध्यमाच्या पालिका शाळांचे वर्ग रिकामे होत गेले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या साथीने वस्त्यांत काम करताना एक साधा प्रश्न विचारला, की वरच्या वर्गातल्या मुलाला वाचता येते का. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर मूल कुठे उभे आहे हे पाहून रोज थोडा वेळ त्या पायरीचाच सराव घेण्याची तिची पद्धत, आणि २००५पासूनची ‘असर’ची वार्षिक पाहणी, यांमुळे चौथीचे पुस्तक हातात असलेल्या मुलाकडून चौथीचेच व्याकरण करून घेण्यातली निरर्थकता उघड झाली. व्याकरणाचा सराव त्यामुळे मागे पडला, ही त्याची दुसरी बाजू. परंतु ज्याला परिच्छेद वाचता येत नाही त्याच्याकडून विभक्ती ओळखून घेणे हे कसरतीहून वेगळे काही नव्हते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभर तोंडी काम, उपक्रम, वही यांवरून घ्यायच्या नोंदींना त्यात आकारिक मूल्यमापन असे नाव मिळाले. व्याकरणाची भाषाही बदलली. स्वाध्यायाच्या जोडीला ‘खेळूया शब्दांशी’सारखी शीर्षके आली, व्याख्या पाठ करण्याआधी उदाहरणे हाताळावीत असा आग्रह धरला गेला आणि २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर शब्दपट्ट्या, अक्षरकार्डे, फरशीवर रंगवलेली बाराखडी हे वर्गाचे नेहमीचे दृश्य झाले. ही सुधारणा खरी होती. उदाहरणांवरून नियम मुलाने स्वतः काढावा ही तिची कल्पना मात्र पुन्हा त्याच जुन्या गृहीतकावर उभी होती, कारण उदाहरण कानाला बरोबर वाटले तरच त्यावरून नियम सुचतो.

या ठिकाणी ‘वकील’ या एका शब्दाकडे जवळून पाहणे उपयोगी ठरेल. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात. मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार किंवा उकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. त्यामुळे फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र बदलत नाही, म्हणून शरीर-शरीराला. गरीब आणि वकील हे मुळात अरबी शब्द उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या घरचेच आहेत आणि त्याच्या भाषेत ‘वकील को’ म्हणताना ‘की’ दीर्घच राहते. म्हणजे ज्या शब्दाशी त्याची सर्वांत जुनी ओळख, तोच शब्द मराठीच्या वहीत त्याला चुकवतो, आणि दीर्घत्व टिकवणारा ‘शरीर’ हा शब्द मात्र अपवाद म्हणून शिकावा लागतो. लिंगाचेही तसेच : स्थानकाबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांच्या रांगेत हिंदीतून रिक्षा ‘आया’ असते, मराठीतून ‘आली’ असते, आणि एकाच रांगेत दोन्ही ऐकणाऱ्या मुलाला ‘लिंग ओळखा’ हा प्रश्न कान उघडा ठेवूनही सुटत नाही. अशा मुलाला लिंग बदलण्याचा नव्हे, तर नाम तो-ती-तेसह एकत्र म्हणण्याचा, ऐकण्याचा आणि वाक्यात वापरण्याचा सराव आधी हवा असतो. इतर माध्यमांसाठीच्या ‘मराठी सुलभभारती’ पुस्तकांचा रोख याच दिशेने आहे. परंतु मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या अमराठी घरातल्या मुलाच्या हाती ते पुस्तक येत नाही. २०२० साली मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची करणारा कायदा झाला, तेव्हा कायद्याने विषय दिला, सरावाची रीत शाळांवर सोपवली.

करोनाच्या काळात ही रीत फोनच्या पडद्यावर गेली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडून जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. मधल्या काळात शुद्धलेखनाचे पान लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे हा गृहपाठ झाला. त्यात अक्षर दिसे, परंतु ते कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे दिसत नसे. श्रुतलेखन तर एका खोलीत तीन भावंडे आणि एक फोन असताना जवळजवळ अशक्यच होते. १ जुलै २०२१पासून राबवलेला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम मागील इयत्तेचे राहिलेले भरून काढण्यासाठी होता.

मार्च २०२३मधील शासन निर्णयाने या सरावाची जागाच बदलण्याचा प्रयत्न केला. वह्यांचे आणि दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग करून पाठांनंतर ‘माझी नोंद’ अशी कोरी पाने बांधण्यात आली. कल्पना कागदावर नेटकी होती. पण मुले वेगळ्या वह्या वापरतच राहिली आणि जानेवारी २०२५मध्ये ही पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. याचे एक साधे कारण दुरेघी वहीत आहे. दोन रेघांमधल्या ठरावीक अंतरात अक्षराची उंची आणि वेलांटी-उकार बसवणे हा पहिली-दुसरीच्या सरावाचा गाभा असतो, आणि एकदा लिहून शिक्षकाने तपासलेले पान मागे उलटून पाहता येते. सुरुवातीच्या महिन्यांच्या नोंदी एका भागात आणि त्यानंतरच्या दुसऱ्या भागात गेल्या की वर्षभराच्या चुकांचा माग वहीतून हरवतो.

त्याच वर्षी, १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचे ठरले, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वादात दोन्ही बाजूंनी भाषा किती आणि कोणत्या याचा कीस पडला. पहिलीच्या मुलाच्या हाती आठवड्याला भाषेच्या किती तासिका येतात, त्यांतला किती वेळ ऐकण्या-बोलण्याला आणि किती वेळ उतरवून काढण्याला जातो, हा हिशेब त्या गदारोळात मागे पडला. कुर्ल्यातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात मराठीची तासिका आजही बहुधा फळ्यावरून पाच ओळी उतरवून घेण्याने सुरू होते. त्या पाच ओळींत ‘ते’ हा शब्द दोन वेळा आला, एकदा घराला आणि एकदा शिक्षकांना, तर मूल दोन्ही सारखेच वळणदार लिहिते आणि त्याला दोन्हींसाठी बरोबरची खूण मिळते.