द्वादशीची गाडी

पंढरपूरचं रेल्वे स्टेशन खऱ्या अर्थाने पाहायचं तर आषाढी एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी पाहावं. एकादशीला सगळी गर्दी चंद्रभागेच्या वाळवंटात, प्रदक्षिणेच्या वाटेवर आणि दर्शनबारीत असते. द्वादशीला सकाळी पारणं सुटतं आणि हजारो माणसं एकाच वेळी घराकडे तोंड करतात. येताना ती मजल दरमजल करत आलेली असतात. जाताना मात्र प्रत्येकाला आजच्या आज पोहोचायचं असतं. मानाच्या पालख्या पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होईपर्यंत थांबतात. पण आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात तोवर घेवड्याची भांगलण सुरू झालेली असते. तो थांबत नाही.

कोरेगावकडचा वारकरी सहसा लोणंदला माउलींच्या सोहळ्यात मिळतो आणि पुढे फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी वाट दहा-अकरा दिवस चालतो. या सोहळ्याला आजची शिस्त दिली ती आमच्याच भागातल्या माणसाने. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला आणि त्याला लष्करी घडी घालून दिली. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येक दिंडीला नंबर आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. चुकलेल्या म्हाताऱ्या बाईला गाव नीट सांगता आलं नाही तरी चालतं. ‘रथामागची अमुक नंबरची’ एवढं ती म्हणाली की कुणीही तिला तिच्या माणसांत नेऊन सोडतं. मुक्कामावर समाजआरतीला चोपदाराने चोप उंच धरला की सगळा तळ गप्प होतो. मग हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. बाकीचे शांत असताना तिचाच टाळ वाजतो, म्हणजे तिचं ऐकून घ्यायचं असतं. एवढ्या अफाट समुदायाला वाट दाखवण्याची याहून सोपी आणि पक्की रीत माझ्या पाहण्यात नाही.

स्टेशनात शिरल्याबरोबर ही घडी विस्कटते. तिथे नंबर असतो तो गाडीचा, तोही पाच आकडी. तो लक्षात ठेवायची सवय वारकऱ्याला नाही.

या गावात रेल्वे आणली ती यात्रेकरूंचा विचार करूनच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली. १८९७ साली ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत धावू लागली आणि १९०६ साली पंढरपूरला पोहोचली. रूळ अरुंद म्हणून गाडी लुटुपुटीची असावी, हे कॅलथ्रॉपला मान्य नव्हतं. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. तो सांभाळून त्याने हलक्या रुळांवर लांबलचक डबे आणि आठ चाकं जोडलेली दमदार इंजिनं चालवली. बार्शीची ही गाडी पुढे जगभरच्या अरुंद मार्गांसाठी नमुना ठरली. सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या मातीत एवढी मोठी तांत्रिक गोष्ट घडली, हे आपल्या शाळांमधून सांगायला हवं.

१९०६ पासून २१ वर्षं पंढरपूर हे त्या फाट्याचं शेवटचं टोक होतं. गाडीत बसलं की ती कुर्डुवाडीलाच जायची, दिशेचा प्रश्नच नव्हता. १९२७ साली रूळ मिरजेपर्यंत गेले आणि पंढरपूर मधलं स्टेशन झालं. कृष्णाकाठचा सातारा-सांगलीचा मुलूख विठोबाला लोखंडी वाटेने जोडला गेला तो तेव्हा. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रूळ रुंद झाले, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेचं पाणी नेणाऱ्या टाक्यांच्या गाड्या याच मार्गाने पंढरपूरवरून गेल्या. अडीच फुटी रुळांवर असं काम शक्य झालं नसतं.

पंढरपूर मधलं स्टेशन झालं आणि चुकण्याची जागा तयार झाली. इथून गाडी दोनच बाजूंना जाते. एक बाजू सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरजेला. तिथून कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा, बेळगाव. दुसरी मोडनिंबवरून ५२ किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीला. तिथून पुणे-मुंबई, सोलापूर, आणि बार्शी-लातूरमार्गे मराठवाडा, विदर्भ. एवढं कळलं की स्टेशनचं निम्मं कोडं सुटलं. आषाढीला मध्य रेल्वे नागपूर–मिरज, नवी अमरावती–पंढरपूर, खामगाव–पंढरपूर, लातूर–पंढरपूर, मिरज–कुर्डुवाडी अशा जादा गाड्या सोडते. डब्याच्या पाटीवर दोन्ही टोकांची नावं असतात. ‘मिरज–कुर्डुवाडी’ ही पाटी जाताना तीच आणि येतानाही तीच. कोरेगावच्या बाईला पाटीवर ‘मिरज’ दिसतं, ती बसते, आणि गाडी कुर्डुवाडीकडे निघते. तिला वाचता येत नाही म्हणून हे होत नाही. तिने वाचलेलं बरोबर असतं, पाटी अर्धीच गोष्ट सांगते.

माझं आग्रहाचं म्हणणं आहे की यात्रेच्या दिवसांत फलाटावर दिशेची भाषा चालावी. ‘मिरजेकडे’ आणि ‘कुर्डुवाडीकडे’ असे दोन मोठे फलक, दोन रंगांत, आणि भोंग्यावरून नंबराच्या आधी दिशेचा पुकारा. दिंडीच्या नंबराने जे काम सगळ्या वाटेवर होतं, ते फलाटावर या दोन शब्दांनी होईल.

जाणती दिंडी मात्र स्वतःची व्यवस्था स्वतः करते. द्वादशीला अशी एखादी दिंडी स्टेशनात शिरताना नीट पाहावी. फलाटाच्या तोंडाशी पताकावाले थांबतात आणि काठ्या आडव्या करून पताका गुंडाळतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज खेळते, तिच्याजवळ उभी काठी नेणं जिवावर बेतेल, हे आता नव्या पोरांनाही सांगावं लागत नाही. तुळशीचं वृंदावन डोक्यावरून उतरून काखेत येतं. पखवाजाला गवसणी चढते. वीणा मात्र खाली ठेवायची नाही, म्हणून विणेकऱ्याला आधी चढवतात आणि खिडकीशी बसवतात. मग बाकीचे त्या वीणेच्या खुणेने डबा धरतात. एक माणूस दारात उभा राहून नावं नव्हे, डोकी मोजतो. तिकिटं एकाने आदल्या दिवशीच काढून ठेवलेली असतात, कारण द्वादशीला जादा खिडक्या उघडल्या तरी रांग रस्त्यापर्यंत जाते. मंदिरापासून स्टेशन दोनेक किलोमीटर, पण त्या दिवशी रिक्षाची वाट पाहण्यापेक्षा चालणं बरं. इतके दिवस चालून आलेल्या पायांना त्याचं काही वाटत नाही.

मार्ग एकेरी आहे, हेही मनात धरून निघावं. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी मधल्या स्टेशनात थांबते आणि जादा गाड्यांच्या दिवसांत हे थांबणं वाढतं. मिरजेच्या पुढच्या गाडीसाठी हातात भरपूर वेळ ठेवावा. मिरज हे एकेकाळी रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही रुळांचं स्टेशन होतं, आजही गजबजलेलं आहे. तिथे दुसरी खबरदारी घ्यावी लागते. पुण्याकडची दिसेल ती गाडी पकडू नये, सगळ्या एक्स्प्रेस कोरेगावला थांबत नाहीत. तशी गाडी पकडली तर थेट साताऱ्याला उतरावं लागतं, आणि साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे. रात्री तिथून कोरेगाव गाठणं म्हाताऱ्या माणसांचं काम नव्हे.

एवढा वळसा घेण्यापेक्षा एसटी सरळ आहे, हे खरंच. पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा रस्ता कोरेगावातूनच पंढरपूरला जातो. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये थांबली. उलट एसटीने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात नेलं. वारीत निम्म्याहून जास्त चेहरे याच दोन गटांतले दिसतात. त्यामुळे एसटी भरून वाहते आणि रेल्वेकडे वळतात ती मोठ्या घोळक्याने जाणारी, सामानसुमान असलेली, गुडघ्यांमुळे बसमध्ये अवघडणारी माणसं. त्यांना डब्यात पाय पसरता येतात, संडास असतो, भजन म्हणता येतं. यात्रेकरूसाठी या सोयी चैनीच्या नाहीत. सवलत परत सुरू करण्याची मागणी म्हणून मला अगदी रास्त वाटते.

कायमचा उपाय नकाशावर दिसतो. लोणंद–फलटण रेल्वे झाली आहे. फलटण–पंढरपूर हा सुमारे १०५ किलोमीटरचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या मागितला जातो आहे. तो जवळपास पालखीच्याच पट्ट्यातून जाईल. तो झाला तर कोरेगावच्या वारकऱ्याला मिरजेचा वळसा उरणार नाही; लोणंदला गाडी बदलली की झालं. सोबत पंढरपूरच्या फलाटावर तिसरी दिशाही येईल, आणि तिसरा फलकही तेव्हा लावावा लागेल: ‘फलटणकडे’.