अंजनेरी: वेशीपासून तळ्यापर्यंतच्या पायवाटा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर गेल्यावर डाव्या हाताला सपाट माथ्याचा एक मोठा डोंगर येतो आणि पायथ्याशी त्याच नावाचं गाव: अंजनेरी. रस्त्याच्या बाजूनं दिसणाऱ्या दोन सुळक्यांना लोक ‘नवरा-नवरी’ म्हणतात. त्र्यंबकला निघालेल्या बहुतेक गाड्या या फाट्यावर थांबत नाहीत. ज्या थांबतात त्याही गावातून न थांबता थेट डोंगराच्या पायऱ्यांशी जातात. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ही घाई चुकीची ठरते. अंजनेरी हा एकच एक चढ नाही. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या पायांना झेपेल तेवढाच तुकडा इथे तोडून घेता येतो.

पहिला तुकडा गावातच आहे, आणि त्यात चढ जवळपास नाहीच. घरांच्या मागे, शेतांच्या बांधांजवळ काळ्या दगडातली यादवकालीन मंदिरं विखुरली आहेत. काही जैन, काही हिंदू. काहींचं शिखर शाबूत आहे, तर काहींचे नुसते खांब आणि चौकट उरली आहे. चौकटींवरची वेलबुट्टी मात्र आठशे-नऊशे वर्षांच्या पावसानंतरही बोटानं चाचपता येते. यांतल्या एका जैन मंदिरातला शके 1063 चा, म्हणजे इसवी सन 1141-42 चा शिलालेख यादव राजा सेऊणचंद्र याच्या काळातला आहे. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दुकानं दान दिल्याची नोंद त्यात आहे. जिथे दुकानं दान देता येतात तिथे भरता बाजार असणार. नाशिकच्या पश्चिमेला, कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांजवळ असा बाजार असणं स्वाभाविकच होतं. आजच्या शांत गावात त्याचा मागमूस नाही. ही मंदिरं संरक्षित स्मारकं असल्यानं मूर्तींवर चढून फोटो काढणं टाळावं. मुलांना मूर्ती शोधण्याचा खेळ दिला की तास कधी गेला ते कळत नाही.

गावाच्या हद्दीतच, त्र्यंबक रस्त्यालगत, नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था आहे. मुद्राशास्त्र संशोधनाची ही संस्था 1980 मध्ये स्थापन झाली. नामवंत मुद्राशास्त्रज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. तिथलं नाणी-संग्रहालय आहत नाण्यांपासून ब्रिटिश रुपयापर्यंतचा प्रवास दाखवतं. खिशात फक्त मोबाइल घेऊन फिरणाऱ्या पिढीला पैसा एकेकाळी ठोकून बनवावा लागे हे इथे प्रत्यक्ष दिसतं. पावसानं डोंगराचा बेत उधळलाच, तर दिवस वाया न जाऊ देणारी ही जागा.

दुसरा तुकडा गावातून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून वाहनं जवळपास पायऱ्यांपर्यंत नेता येतात, पण पावसाळ्यात हाच रस्ता चालत जाण्यात खरी मजा आहे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, उतारावर नागली आणि वरई. आषाढात आवणी चालू असते. गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बायका आणि वाफ्यातलं पाणी पाहिलं की ताटातला भात कुठून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. वळणावळणाचा हा चढ सौम्य आहे, शाळकरी मुलं तो सहज चढतात.

तिसरा तुकडा म्हणजे खरी अंजनेरी. सुळक्यांच्या बाजूला कातळ दुभंगून झालेल्या अरुंद घळीतून पायऱ्या वर जातात. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधून वाऱ्याचा झोत, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवरूनच उतरणारं पाणी. अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेलं एक जैन लेणं आहे. दम खायला थांबायची ती सर्वांत चांगली जागा. घळ संपली की एकदम मोकळं पठार लागतं आणि त्यावर अंजनीमातेचं मंदिर. पायऱ्यांच्या सुरुवातीपासून इथवर मुलांच्या चालीनं तासभर धरावा. पठारावरून पुढची वाट जवळपास सपाट आहे. थोडं चाललं की पावलाच्या आकाराचं तळं येतं. हे हनुमंताचं पाऊल, अशी श्रद्धा आहे. लहान मुलं असतील तर सहल इथेच पुरी झाली असं मानावं. तळ्यापुढे सीता गुंफा आणि मग वरच्या टप्प्याची चढण. सुमारे 1300 मीटर उंचीच्या माथ्यावर हनुमानाचं जन्मस्थान मानलेलं मंदिर आहे. पायऱ्यांपासून माथ्यापर्यंत धडधाकट माणसालाही दोन तास लागतात. तळ्याच्या अलीकडच्या पठारात जे आहे त्यापेक्षा वर फार वेगळं काही नाही, वारा तेवढा जास्त.

जन्मस्थानाचा वाद जुना आहे. हंपीजवळच्या किष्किंधेतली अंजनाद्री आणि तिरुमलाची अंजनाद्री यांचाही हाच दावा आहे. या प्रश्नावर 2022 मध्ये नाशिकला भरलेली धर्मसभा कुठल्याही निर्णयाविना मोडली. सकाळी नारळ आणि डबा घेऊन चढणाऱ्या कुटुंबांनी त्याची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

हवापालटासाठी या डोंगरावर येण्याची रीतही नवी नाही. राघोबादादा पेशवे नाशिकजवळ आनंदवल्लीला राहत तेव्हा उन्हाळ्यात अंजनेरीचा आसरा घेत. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या पठारावरच्या दोन बंगल्यांचा उल्लेख आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचे रहिवासी आणि मिशनरी तिथे येत. गावाभोवती पायी फिरण्याची हौस इंग्रजांकडून आली असं मानायचंही कारण नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी शेजारच्या ब्रह्मगिरीची फेरी करणारे हजारो भाविक रात्रभर चिखलवाटा तुडवतात, आणि त्यात मुलं, म्हातारी माणसं सगळेच असतात. इंग्लंडच्या खेड्यांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा लोकांचा हक्क 1949 च्या कायद्यानं नकाशावर नोंदवला जाऊ लागला. इकडे ती वहिवाट फेरीनं आणि वारीनं टिकवली.

पठाराचं सर्वांत मोठं वैभव मात्र गुडघ्याखाली आहे. भाद्रपदात सोनकीनं उतार पिवळे होतात. कातळावरच्या ओल्या गवतात तेरडा आणि जांभळी सीतेची आसवं उगवतात. याच डोंगराचं नाव धारण करणारी एक वनस्पती आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पाच्या कुळातली ही जात 2006 मध्ये शास्त्राला माहीत झाली आणि ती अतिशय मोजक्या जागीच आढळते. बोटभर उंचीचं हे रोप गवतात दिसतच नाही, म्हणून पायाखाली चिरडण्याचा धोका मोठा. वरच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. कातळावरचे पांढरे ओघळ ही त्यांची खूण. या सगळ्यामुळे 2017 मध्ये अंजनेरीचा सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटर भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ब्रह्मगिरीहून इथे रोपवे आणण्याच्या योजनेला नाशिकच्या निसर्गप्रेमींचा विरोध आहे तो याच कारणानं, आणि तो रास्त आहे. हा डोंगर पायांनीच पाहण्याजोगा आहे.

जायची उत्तम वेळ ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबर. जुलैत घळीतलं पाणी जोरात असतं, शेवाळानं पायऱ्या निसरड्या होतात, आणि धुक्यात पठारावरची वाट चुकते, म्हणून धुवाधार पावसात लहानांना नेऊ नये. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चढायला सुरुवात करावी, पठारावर सावली नाही. नाशिकहून त्र्यंबककडे जाणारी एसटी किंवा सिटीलिंकची बस अंजनेरी फाट्यावर सोडते. तिथून पायथा तीन-चार किलोमीटर. पायऱ्यांवर गावकरी लिंबू-सरबत, काकडी आणि उन्हाळ्यात करवंदं विकतात. पाणी मात्र घरून न्यावं. हनुमंताच्या या डोंगरावर माकडं धीट आहेत, हातातली पिशवी हिसकावतात. खाऊ पाठपिशवीत बंद ठेवावा, त्यांना घालू नये, आणि रिकामी पाकिटं परत घरी आणावीत.