प्राप्तिस्थान

दिल्लीत हिंदूराव रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर, रिज टेकडीच्या रस्त्याकडेला अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. रुग्णांचे नातेवाईक, रिक्षा, माकडं या सगळ्यात तो चटकन नजरेत भरत नाही. राष्ट्रीय संग्रहालय बघायला आलेला गट माझ्याकडे असला, की मी त्याला आधी इथे आणते. चोरीला गेलेल्या प्राचीन वस्तूंविषयी काचेच्या कपाटासमोर बोलणं अवघड जातं. तिथे उजेड नेमका पडलेला असतो, पाटी नीटनेटकी असते आणि वस्तू जणू कायम तिथेच होती असं वाटतं. या स्तंभाच्या अंगावर मात्र सांधे दिसतात. मी काही न सांगता लोकांना ते शोधायला लावते.

परवाचा गट कोल्हापूरकडचा होता. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे भाऊ, हे कळल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. रुग्णालयाच्या जागची टेकडीवरची कोठी मुळात विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याची. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे ती हिंदूरावांकडे आली. आपल्या भागातल्या माणसाचं नाव दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाला आहे, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. मला हे आवडतं. जागेशी नातं जुळलं की माणूस जागेविषयी प्रश्न विचारायला लागतो, आणि मला तेच हवं असतं.

स्तंभाची हकीकत अशी. अशोकाने तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मेरठकडे उभारला. १३५६ मध्ये फिरोजशाह तुघलकाने तो तिथून उचलून इथल्या आपल्या शिकारमहालात आणला. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या काळात, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि स्तंभाचे पाच तुकडे झाले. एकोणिसाव्या शतकात लेख असलेला भाग करवतीने कापून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे पाठवला गेला. तो १८६६ मध्ये परत आला आणि १८६७ मध्ये इंग्रज सरकारने तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा केला.

‘‘म्हणजे सगळं परत मिळालं की,’’ गटातले एक काका म्हणाले.

दगड मिळाला, लेख मिळाला, ब्राह्मी वाचताही येते. पण मेरठकडे हा स्तंभ कशाशेजारी होता? स्तूपापाशी, विहारापाशी, की हमरस्त्यावर? फिरोजशाहाच्या दरबाराशी संबंधित शम्स सिराज अफीफ याने टोपरा गावचा अशोकाचा दुसरा स्तंभ दिल्लीला कसा आणला, ते तपशिलाने लिहून ठेवलंय. सावरीच्या कापसाच्या राशीवर तो हळूच आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला, यमुनेतून नावेने आणला. पायाशी एक मोठा चौकोनी दगड निघाला, तोही त्याने नोंदवला. मेरठच्या स्तंभाच्या वाट्याला मात्र शहराच्या आसपास, एवढाच पत्ता आलाय.

इथे मी लुंबिनीचं उदाहरण देते. नेपाळच्या तराईत १८९६ मध्ये अशोकाचा स्तंभ सापडला, त्यावर बुद्ध इथे जन्मला असं कोरलेलं आहे. त्या ‘इथे’ला अर्थ आहे, कारण स्तंभ जागचा हललेला नव्हता. एखाद्या सुलतानाने किंवा साहेबाने तो उचलून नेला असता, तर तीच अक्षरं वाचूनही बुद्धाची जन्मभूमी आपण अजून शोधतच बसलो असतो. एवढं ऐकलं की बहुतेकांना पुढचं फारसं समजवावं लागत नाही.

फिरोजशाहाला मी चोर म्हणत नाही. त्याने स्तंभ मिरवला, जपला, कुठून आणला ते लपवलं नाही. आजचा तस्कर पहिल्यांदा पुसतो तो पत्ताच, कारण पत्ता राहिला तर माल विकता येत नाही. हा फरक लोकांच्या मनात नीट बसावा, असं मला मनापासून वाटतं.

मग जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय. इथे मूर्तीसमोर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘हिची किंमत किती असेल?’’ मी रागावत नाही, बातम्यांत परत आलेल्या मूर्तींबरोबर कोटींचे आकडेच छापून येतात. मी वृषानना योगिनीची गोष्ट सांगते. पशुमुखाची, दहाव्या शतकातली, सुमारे चारशे किलोंची वालुकाश्माची मूर्ती. बुंदेलखंडातल्या लोखरी गावच्या टेकडीवरून ती नाहीशी झाली आणि पॅरिसमध्ये एका संग्राहकाच्या घरी पोचली. त्याच्या पत्नीने ती परत द्यायची तयारी दाखवली आणि २०१३ मध्ये ती या संग्रहालयात आली. तिथलीच एक अजमुखी योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली. १४ जानेवारी २०२२ रोजी, ऐन संक्रांतीला, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात ती ताब्यात मिळाली.

यानंतर मी गटाला गोल उभं करते. डावीउजवीकडे कोण आहे ते बघून घ्या म्हणते. मग तिघांना बाहेर काढते, उरलेल्यांना जागा बदलायला लावते आणि दाराशी थांबलेल्या एखाद्या मुलाला बोलावून विचारते, सांग बघू, बाहेरचे तिघे कुठे उभे होते? मुलं मन लावून प्रयत्न करतात आणि थकतात. योगिनी एकेकट्या नसत, त्यांचा समूह असे. कोण कोणाच्या शेजारी, तोंड कुणीकडे, मधोमध काय, यातून त्या उपासनेचा माग लागतो. मूर्ती परत आली तरी तिची शेजारीण कोण होती ते ती सांगू शकत नाही. आणि पुष्कळदा तर नुसतं मुंडकंच बाजारात येतं, कारण धड जड असतं आणि करवत हाताशी असते.

‘‘पण तिकडे परदेशात निगा तरी नीट राखतात,’’ हे वाक्य दर गटात कोणीतरी म्हणतंच. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे वीरगळांवर कपडे धुतलेले मीही पाहिलेत. पण निगा राखणाऱ्याने विकत घेतलं म्हणूनच चोरणाऱ्याने चोरलं, हेही तितकंच खरं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरला घेतला. सुभाष कपूर या व्यापाऱ्याने दिलेली मालकीची कागदपत्रं बनावट होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या देवळातल्या मूर्तींचे १९९४ चे फोटो होते, त्यावरून ओळख पटली आणि २०१४ मध्ये नटराज परत आला. कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. हे सगळं साधलं ते कोणीतरी देवळात जाऊन शांतपणे फोटो काढून ठेवले होते म्हणून. आपल्या गावच्या देवळातल्या, पारावरच्या, शिवेवरच्या किती मूर्तींचे असे फोटो आहेत, हे मी प्रत्येक गटाला विचारते. सेल्फी पुष्कळ असतात, मूर्ती मागे अर्धवट दिसते.

मराठी गट असला की दायमाबाद सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन. इथे चोरी नव्हती, ज्याला त्या सापडल्या तो माणूस सरळ होता. तरी वस्तू थरातून आधीच निघालेल्या, म्हणून वाद उरला. म. के. ढवळीकरांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवालांनी धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी हे चार तुकडे कोणत्या थरातले ते उलटं जाऊन बघता येत नाही. प्रामाणिक माणसाच्या हातून एवढं निसटतं. रात्री बॅटरी घेऊन खणणाऱ्याच्या हातून काय निसटत असेल!

कोल्हापूरच्या गटातल्या एका आजींनी शेवटी हळूच विचारलं, ‘‘विहीर खणताना गाडगं निघालं, त्यात नाणी असली, तर काय करायचं गं?’’ खरं तर हाच प्रश्न कोणी विचारावा, म्हणून मी थांबलेली असते. गाडगं उचलू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका, आहे तिथेच आजूबाजूच्या मातीसकट फोटो काढा, तहसीलला कळवा, असं मी सांगितलं. कायदा जुनाच आहे, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं, आणि त्या कागदावर काय नि किती सापडलं याबरोबर कुठे सापडलं आणि कधी, हेही लिहायचं. आजींनी नातवाला ते मोबाइलमध्ये टिपून घ्यायला लावलं आणि ‘कुठे’ हा शब्द राहिला, म्हणून परत लिहायला लावला.