आपली काळी माती रंग धरते

आपल्या वर्धा जिल्ह्यात कापूस पिकतो तो काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिच्या कणांत वहीच्या पानांसारखे थर असतात. त्यांच्यात पाणी शिरले की माती फुगते.

विजेचे दोन प्रकार असतात, धन आणि ऋण. विरुद्ध प्रकार एकमेकांना ओढतात, सारखे दूर लोटतात. मातीच्या थरांवर ऋण वीज असते.

आम्ही शाळेत प्रयोग केला. दोन पेल्यांत पाणी घेतले. एकात तोंड आल्यावर लावतात त्या जांभळ्या औषधाचे दोन थेंब टाकले, दुसऱ्यात लाल शाईचे. दोन्हींत चमचाभर चाळलेली काळी माती ढवळली. आबाजी म्हणाले, "मातीनं कुठी पाणी साफ होते काय रे? गढूळ होते!" पण सकाळी माती खाली बसली अन् जांभळा रंग जवळजवळ गेला होता. लाल पाणी मात्र लालच! जांभळा रंग धन असतो, म्हणून माती त्याला धरते. लाल शाईचा रंग ऋण असतो.

मग लाल रंग कसा काढायचा? शास्त्रज्ञ मातीला आधी साबणासारखा एक पदार्थ लावतात. त्याच्या कणाला धन डोके आणि तेलकट शेपूट असते. डोकी मातीला चिकटतात. पदार्थ जास्त घातला तर शेपटांना शेपटे चिकटून दुसरा थर बसतो. त्याची डोकी बाहेर राहतात. आता माती वरून धन झाली, म्हणून ती लाल रंगही धरते. कपड्याचा साबण इथे चालत नाही, कारण त्याचे डोके ऋण असते.

वर्ध्याच्या १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात खादीला झाडापाल्याचे रंग देतात. पण कारखान्यांत बहुतेक रासायनिक रंग असतात. सगळा रंग कापडाला लागत नाही. उरलेला नाल्यात गेला तर ऊन पाण्यात खोल जात नाही, आणि पाण्यातल्या वनस्पती वाढत नाहीत. आपली गुरे तेच पाणी पितात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी बिनरंगी झाले म्हणजे पिण्याजोगे झाले असे नाही. आणि रंग नाहीसा होत नाही, तो मातीत जाऊन बसतो. म्हणून ती माती परत नाल्यात टाकू नका.

— इयत्ता ४ थी