न दुखणारा काटा

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही नायगावला येऊन राहिलो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेतातून परतलो, चूळ भरली आणि खुर्चीत टेकलो. तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘‘अहो, हे कुंकू कुणी सांडलं?’’ दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर लाल ठिपके होते. बाभळीचा काटा चपलेतून आरपार येऊन माझ्या टाचेत मोडला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

मधुमेहाशी माझी ओळख चौदा वर्षांची. नांदेडच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक ताठ दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. तो वाकतो तेव्हा १० ग्रॅम भार पडतो. टाचेवर नि अंगठ्यावर तो केव्हा टेकला, ते मला कळलंच नाही.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून. कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या तळव्यांची रात्री आग होते. माझ्यासारख्याला काहीच जाणवत नाही, आणि खरा धोका तिथंच असतो.

पुतण्यानं शहरातल्या एका उपचार केंद्राचं पत्रक आणलं. ‘‘काका, शॉक वेव्हच्या दहा बैठका, की नसा पूर्ववत!’’ पैसे अर्थातच आगाऊ. सौ.ला वाटलं, विजेचा झटका देतात. तसं नाही. हे आवाजाच्या जातीच्या, दाबाच्या लाटांचे ठोके. १९८० साली म्युनिकमध्ये याच लाटांनी, पोट न फाडता, मूतखडा फोडला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली, तीही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. परवानगी जखमेसाठी होती, बधिर नसांसाठी नव्हे. सौम्य लाटांनी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नसांना उभारी येते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र अजून लहान आहेत.

कर्जाचे अर्ज वाचण्यात माझी उमर गेली. योजना चांगली असेलही. पण कागद अपुरे असले, तर मंजुरी देता येत नाही. पत्रक डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘यंत्राचं पुढं बघू. आधी साखर ताब्यात आणा आणि रोज पाय बघा.’’

तेव्हा मला डॉ. पॉल ब्रँड आठवले. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या या शल्यविशारदानं दाखवून दिलं, की कुष्ठरोग्यांची बोटं सडून गळत नाहीत. वेदनाच नसल्यामुळं भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि त्या जखमांपायी ती जातात. त्या रुग्णांसाठी वापरात आलेली मऊ, एम. सी. आर. रबराची चप्पल आज मधुमेहींनाही सांगतात. मीही ती घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतले किती जण रोज स्वतःचे तळवे बघत असतील?

आमच्या घरी आता नेम ठरला आहे. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. आंघोळीचं पाणी पायानं नव्हे, कोपरानं अजमावायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. रात्री जेवणं झाली, की सौ. चष्मा लावते आणि मी पाय पुढं करतो. पहिल्यांदा फार संकोच वाटला. बायकोपुढं असे पाय पसरायचे! मग मीही तिचे बघू लागलो. तिला साखर नाही, पण फिट्टंफाट.

परवा तिला माझ्या करंगळीखाली एक फोड दिसला. मुळीच दुखत नव्हता. एरवी मी म्हणालो असतो, ‘‘दुखत नाही ना, मग बघू आठवड्यानं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं नांदेडला गेलो.