रात्र कुत्र्याची, घड्याळ कारखान्याचं
घरातला कुत्रा : लेखांक ६

कुत्रा पाळणाऱ्या घरांतून रात्रीबद्दल दोन तक्रारी ऐकू येतात आणि लोक त्या वेगवेगळ्या समजतात. एक, त्याला झोपवायचं कुठे? दुसरी, पहाटे हॉलमध्ये शू केलेली सापडते, तिचं काय करायचं? मागच्या लेखांकात जेवणाच्या वेळांचा विचार केला. या आठवड्यात म्हणायचं आहे ते एवढंच, की या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. कुत्रा कुठे झोपतो यावर तो रात्री कुठे मुततो हे बरंचसं ठरतं. बोईसरमध्ये हे समजून घेण्याची गरज जरा जास्तच आहे, कारण इथल्या कितीतरी घरांची रात्र सूर्यास्तावर ठरत नाही, तारापूर एमआयडीसीच्या शिफ्टवर ठरते.

जन्मल्यानंतर साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते, आणि आईच ती साफही करते, त्यामुळे झोपायची जागा कोरडी राहते. पायांत बळ आलं की पिल्लू आपणहून त्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन मोकळं होतं. पुढे आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली काय असताना मोकळं व्हायचं, माती, गवत की फरशी, याची सवय घट्ट होऊ लागते, आणि नेमक्या याच वयात बहुतेक पिल्लं नव्या घरी येतात. अशा पिल्लाला वन बीएचकेच्या हॉलमध्ये गादी घालून दिली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं, तर त्याच्या लेखी घर म्हणजे तेवढी गादी. टीव्हीच्या टेबलामागचा कोपरा, चपलांच्या रॅकखालची फरशी, हे सगळं त्याच्यासाठी बाहेरच असतं. ते उठतं, फरशी हुंगत एक-दोन गिरक्या घेतं, त्या कोपऱ्यात मोकळं होतं आणि गादीवर येऊन निवांत झोपतं. आईकडून जे मिळालं ते त्याने तंतोतंत पाळलेलं असतं. त्याला घाण सवय लागली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

याच स्वभावाचा उपयोग करून घेता येतो. झोपायची जागा एवढीच ठेवायची की त्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून पडता येईल. मग आडोसा लावलेला कोपरा असो की क्रेट. ती जागा घाण करायची नसल्यामुळे पिल्लू आधी चुळबुळ करतं, मग कुंईकुंई करतं. ते ऐकायला मात्र कोणीतरी जवळ हवं. म्हणून पहिले काही महिने पिल्लाची जागा माणसाच्या कानाच्या टप्प्यात असली पाहिजे. हॉलच्या टोकाला क्रेट ठेवून दार लावून घेणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तिथे ते रडून थकतं, अंथरुणातच मोकळं होतं, आणि असं वरचेवर घडलं की अंथरूण कोरडं ठेवण्याची त्याची ओढच मरते. ती परत आणणं फार अवघड असतं. किती वेळ धरवेल याचा ढोबळ हिशेब असा, की वयाच्या महिन्यांत एक मिळवायचा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, चार महिन्यांचं पाच. निरोगी मोठा कुत्रा रात्री सहा ते आठ तास सहज काढतो.

सकाळी ओलं दिसल्यावर कुत्र्याला तिथे ओढत नेऊन ओरडणारे लोक सांगतात, की त्याला कळतं, बघा कसा कान पाडून बसतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकं हेच १४ कुत्र्यांवर तपासलं. मालकाने रागावलं की कुत्रा 'अपराधी' दिसायचा, मग त्याने चूक केलेली असो वा नसो. ते पाडलेले कान तुमच्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे. चार तासांपूर्वीच्या शूशी त्याचा संबंध नाही. अशा ओरड्यातून कुत्रा शिकतो ते इतकंच, की माणसांदेखत मुतायचं नाही, आणि मग तो तुमच्याबरोबर बाहेर गेल्यावरही धरून ठेवतो.

आता शिफ्ट. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घरातला कर्ता माणूस रात्री साडेनऊला आडवा होतो आणि पहाटे पाचला उठतो. सेकंडच्या आठवड्यात तो साडेअकराला घरी येऊन जेवतो आणि सकाळी उशिरापर्यंत झोपतो. नाइटच्या आठवड्यात रात्री घरातच नसतो. कुत्र्याचं शेवटचं फिरणं त्याच्याकडेच असेल, तर ते दर आठवड्याला दोन-अडीच तासांनी पुढेमागे होतं. नुसता तासांचा हिशेब केला तर अडचण दिसत नाही. साडेनऊ ते पाच हे साडेसात तास, पावणेबारा ते सात हे सव्वासात. दोन्ही मोठ्या कुत्र्याच्या आवाक्यात आहेत. घोळ होतो तो जेवणामुळे. साहेब आल्यावर त्यांच्याबरोबर त्यालाही वाढायचं, असा बऱ्याच घरांचा शिरस्ता असतो. पोटात अन्न गेलं की थोड्या वेळाने आतडी हलतात. पिल्लात तर हे मिनिटांत घडतं. मध्यरात्री बाराला जेवलेल्या कुत्र्याला पहाटे शी लागली, तर दोष जेवण वाढणाऱ्याचा. तेव्हा शिफ्ट कोणतीही असो, कुत्र्याचं रात्रीचं जेवण सात-साडेसातलाच व्हावं, ते घरी असेल त्याने द्यावं, आणि सेकंडवरून येणाऱ्याने फक्त फिरवून आणावं. नाइटच्या आठवड्यात शेवटचं फिरणं आणि रात्री ऐकण्याचं काम कोणाचं, हे आधीच ठरलेलं हवं. पिल्लू आणायचं की नाही याचा निर्णयही खरं तर इथेच व्हायला हवा. घरात रात्री ऐकणारं दुसरं माणूस नसेल, तर पिल्लाऐवजी वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा दत्तक घेणं दोघांच्याही हिताचं.

कुत्र्याला घरात, माणसाजवळ झोपवण्यावरचा सगळ्यात जुना आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आमच्याकडे कुत्रं कधी घरात झोपलं नाही, अंगणात असायचं आणि काही बिघडलं नाही. हे खरंच आहे. पालघर-डहाणूच्या पाड्यांवर आजही कुत्री अंगणात, चुलीच्या उबेला, ओटीखाली झोपतात आणि त्यांच्या लघवीची चर्चा कोणी करत नाही. पण ती मोकळी असतात. लागली की उठून झुडपाआड जातात. बंगल्याच्या फाटकाशी चार हात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला हे करता येत नाही; तो जिथे झोपतो तिथेच मोकळा होतो आणि पावसाळ्यात त्याच चिखलात बसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे स्वतंत्रपणे नोंदले आहेत. शिवाय बिबट्याचा भाग आहेच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. पूर्वेकडच्या जंगलालगत रात्री बाहेर बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. राखणच करायची असेल तर ती दाराच्या आतूनही होते. कुत्र्याचे कान भिंतीने अडत नाहीत.

दुसरा आक्षेप झोपेचा. जवळ म्हणजे काय पलंगावर घ्यायचं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये ४० जणांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या झोपेची सात रात्री मोजणी केली. कुत्रा खोलीत असतानाही माणसांची झोप ठीक होती. पलंगावर असला तर ती थोडी घसरली. म्हणजे खोलीत किंवा दाराशी, खाली, त्याच्या स्वतःच्या अंथरुणावर. देवघर त्याच खोलीत आहे म्हणून अडत असेल तर पॅसेज चालेल. आपल्याला हवा आहे तो आवाज.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. रात्रीच्या शू-शीसाठी बाल्कनीत ट्रे ठेवला की कुत्रा बाहेर करायचंच विसरतो. वर्तमानपत्र अंथरलं तर हे खरं ठरतं, कारण पायाखालची सवय कागदाची लागते, आणि मग पलंगावर पडलेला पेपरही त्याला चालतो. पण ट्रेमध्ये खालच्या आवारातलीच माती आणि गवताचा तुकडा घातला, तर बाहेर आणि आत पायाखाली एकच गोष्ट येते. इथे ट्रे चैनीचा नाही. लसींचा क्रम सोळाव्या आठवड्याच्या आसपास पुरा होईपर्यंत पिल्लाला पार्वो विषाणूचा धोका असतो, रात्री दोनला रस्त्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी असते, आणि जुलैत धो धो पाऊस लागला की कितीतरी कुत्री जिन्याखाली उतरून पाऊल पुढे टाकत नाहीत. ट्रेचं पाणी मात्र खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ओघळता कामा नये. ते सरळ मोरीत ओतावं.

सांडलेली लघवी फिनाइलने पुसून भागत नाही. आपल्याला फिनाइलचा वास येतो, कुत्र्याला त्याखालचा स्वतःचा. आधी टिपून घ्यावी, भरपूर पाण्याने धुवावी, मग एन्झाइमचं क्लीनर वापरावं. ताज्या लघवीवर थेट ब्लीचिंग टाकू नये. अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. पावसाळ्यात हातमोजे घालावेत, कारण उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस झालेला कुत्रा लघवीतून तो जंतू सोडतो आणि हातावरच्या साध्या चिरेतून तो माणसात शिरतो. कुत्र्यांसाठी याची लस आहे, ती दरवर्षी घ्यावी लागते.

रात्रीचं पाणी तोडावं का, असं पुष्कळजण विचारतात. निरोगी पिल्लाचं भांडं झोपण्याआधी तासभर उचललं तर चालतं. मे महिन्यात आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं कधीच उचलू नये. वर्षानुवर्षं कोरडी रात्र काढणारा कुत्रा अचानक ओलं करू लागला, तर कारण शरीरात शोधायचं असतं. मूत्रपिंड, मधुमेह, मूत्राशयाचा दाह, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयाचा पू, किंवा खाजेसाठी चालू असलेलं स्टेरॉइड. सकाळी भांड्यात मापाने पाणी घालावं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजावं. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने दिवसाला लिटरभराहून अधिक पाणी प्यायलं असेल, तर पहाटेची पहिली लघवी स्वच्छ पळीत धरून बाटलीत घ्यावी आणि त्याच सकाळी पशुवैद्याकडे न्यावी. रात्रभर साठलेल्या त्या लघवीचा दाटपणा पाहून मूत्रपिंडं पाणी राखू शकतात की नाही याचा अंदाज डॉक्टरांना येतो.